चिलखताची फट आणि कॅमेऱ्याची काच

१/
पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल खडकी सोडते, मुळा नदीचा पूल ओलांडते आणि दापोडीला थांबते. या एवढ्याशा गावात दोन मोठ्या संस्था आहेत. एक एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा, जिथे लाल बसगाड्या उभ्या राहतात. दुसरी लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली सीएमई. १९४३ मध्ये रुरकीला सुरू झालेली ही प्रशिक्षणसंस्था १९४८ मध्ये दापोडीला आली आणि १९५१ मध्ये तिला महाविद्यालयाचे नाव मिळाले. बस आणि रणगाडा यांचा संबंध काय, हे या धाग्यात पुढे येईल.

२/
सीएमईत घडणाऱ्या सैनिकांना जुन्या मराठीत सफरमैना म्हणत. 'सॅपर्स अँड मायनर्स'चे ते मराठी रूप. खडकीचे बॉम्बे सॅपर्स याच परंपरेतले. सुरुंग शोधणे, पूल टाकणे, ढिगारे हटवणे, वाट करून देणे हे त्यांचे काम. रणगाडा पुढे जातो तेव्हा त्याची वाट आधी कोणीतरी उघड्या डोळ्यांनी पाहिलेली असते. शहरातल्या युद्धात हा प्रश्न फार तीव्र होतो. गल्लीत शिरलेल्या चिलखती गाडीसाठी कोण पाहते? आणि त्या गल्लीत जे घडते, ते मागाहून येणाऱ्या पिढ्यांसाठी कोण पाहते?

३/
आधी यंत्राची मर्यादा समजून घेऊ. रणगाड्याचे झाकण बंद झाले की आतल्या माणसांना जग दिसते ते पेरिस्कोपमधून आणि अरुंद फटींतून. गाडीच्या अगदी लगतचा भाग दिसतच नाही. मोकळ्या मैदानात याने फारसे बिघडत नाही, कारण शत्रू दूर असतो. शहरात शत्रू तळघरात असतो, तिसऱ्या मजल्यावर असतो, मागच्या दारात असतो. तोफेची नळी ठरावीक कोनापलीकडे वर उचलता येत नाही आणि खालीही वाकवता येत नाही. गल्ली अरुंद असेल तर ती पूर्ण फिरवताही येत नाही. चिलखत समोरून सर्वांत जाड आणि वरून, मागून पातळ असते. शहर नेमके वरून आणि मागूनच हल्ला करते.

४/
म्हणून चिलखती गाडीला बाहेरचा डोळा लागतो. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंह भगत हा असाच एक डोळा होता. ते बॉम्बे सॅपर्सच्या २१ व्या फील्ड कंपनीतले अधिकारी. १९४१ च्या जानेवारीअखेर, इथिओपियाच्या सीमेवर मेटेम्मापासून माघार घेणाऱ्या इटालियन फौजेचा पाठलाग सुरू असताना, ते स्तंभाच्या सर्वांत पुढच्या हलक्या चिलखती कॅरिअरमध्ये बसून सुरुंग शोधत होते. चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवर त्यांनी १५ सुरुंगक्षेत्रे साफ करून घेतली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगाने उडाली आणि सोबतची माणसे बळी पडली. स्फोटाने एका कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी बदली माणूस घेण्यास नकार दिला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या मागे असलेल्या गाड्यांचे चिलखत कितीही जाड असते, तरी त्या चार दिवसांत त्याचा उपयोग भगतांच्या नजरेइतका झाला नसता.

५/
हीच २१ वी फील्ड कंपनी ज्या चौथ्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, ती १९४४ मध्ये इटलीत कॅसिनोसमोर उभी होती. १५ मार्चला दोस्तांच्या विमानांनी कॅसिनो गाव बॉम्बवर्षावाने जमीनदोस्त केले. उद्देश असा की रणगाड्यांना वाट मोकळी व्हावी. घडले उलटे. कोसळलेल्या घरांचे ढीग आणि बॉम्बने पडलेले खड्डे यांनी न्यूझीलंडच्या रणगाड्यांचीच वाट बंद झाली. जर्मन छत्रीसैनिक त्याच ढिगाऱ्यांत लपून लढले. उद्ध्वस्त शहर उभ्या शहराहून चांगली तटबंदी असते, हा धडा तिथे मिळाला.
वरच्या डोंगरात भारतीय सफरमैनांनी न्यूझीलंडच्या अभियंत्यांच्या साथीने एका पाऊलवाटेचा रणगाड्यांसाठी रस्ता केला. त्याला 'कॅव्हेंडिश रोड' म्हणतात. १९ मार्चला त्या रस्त्याने रणगाडे मठाच्या मागच्या अंगाला पोहोचलेही. पण सोबत पायदळ नव्हते. बाहेरचा डोळा नव्हता. हल्ला फसला.

६/
याच युद्धात दुसऱ्या एका डोळ्याची रीतसर व्यवस्था झाली. १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वतःचे चित्रपट व छायाचित्रण पथक उभे केले. त्यात निवडलेले बहुतेक जण साधे सैनिक होते. त्यांना कॅमेरा शिकवण्यात आला आणि सार्जंटचा हुद्दा देऊन आघाडीवर पाठवण्यात आले. कंबरेला पिस्तूल, हातात कॅमेरा. त्यांनी टिपलेल्या दृश्यांवर आधारलेल्या 'डेझर्ट व्हिक्टरी' या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. उत्तर आफ्रिका आणि इटलीतल्या भारतीय सैनिकांचे चेहरे आज आपल्याला पाहायला मिळतात, त्यामागे या पथकाचे मोठे श्रेय आहे.
पण ध्यानात घ्यावे की हा कॅमेरा सैन्याचा होता. कोणते छायाचित्र बाहेर जाईल, हे सेन्सॉर ठरवत असे.

७/
पन्नास वर्षांनी ग्रोझ्नीत कॅसिनोचा धडा पुन्हा गिरवला गेला. १९९४ च्या अखेरच्या दिवशी रशियन चिलखती दळे चेचन्याच्या या राजधानीत शिरली. मायकोपची १३१ वी ब्रिगेड रेल्वे स्थानकापर्यंत पोहोचली आणि तिथेच अडकली. चेचन लढवय्ये तळघरांतून आणि वरच्या मजल्यांवरून रॉकेटे डागत. रांगेतली पहिली गाडी पेटवायची, मग शेवटची. मधल्या गाड्यांना ना पुढे वाट ना मागे. त्या ब्रिगेडने दोन-तीन दिवसांत आपल्या बहुतेक गाड्या गमावल्या. जळालेल्या रणगाड्यांची छायाचित्रे जगभर गेली, कारण शहरात छायाचित्रकार होते. हल्ल्याच्या आधीच, २२ डिसेंबरच्या बॉम्बवर्षावात अमेरिकन छायाचित्रकार सिंथिया एलबाम मारली गेली. ती अवघी २८ वर्षांची होती.

८/
ही सारी उदाहरणे दूरची. पण मुंबईनेही आपल्या रस्त्यांवर चिलखती गाड्या पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या बंदुकांची तोंडे मुंबईकरांकडेच होती.
१८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलतळावर खलाशांनी संप पुकारला. दोन-तीन दिवसांत तो इतर तळांवर आणि जहाजांवर पसरला. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्समध्ये गोळीबार झाला. २२ तारखेला खलाशांच्या पाठिंब्यासाठी शहरात हरताळ झाला. गिरण्या बंद पडल्या आणि कामगार रस्त्यावर आला. सरकारने ब्रिटिश सैनिक आणि चिलखती गाड्या गिरणगावात व आसपासच्या वस्त्यांत उतरवल्या.

९/
इथे चित्र उलटे आहे. ग्रोझ्नीत वरच्या मजल्यावर रॉकेट होते. परळ-लालबागच्या चाळींच्या वरच्या मजल्यावर बायका-मुले होती. पण फटीतून पाहणाऱ्याला तो फरक कसा कळावा? त्याला सज्जा दिसतो, सज्जातली हालचाल दिसते. परळमध्ये कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून मृत्युमुखी पडल्या आणि कुसुम रणदिवे जखमी झाल्या. दोन दिवसांत मुंबईत २२८ नागरिक मारले गेले आणि हजाराहून अधिक जखमी झाले. हा सरकारी आकडा.
२३ तारखेला वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून खलाशांनी शरणागती पत्करली. संपाच्या एका प्रमुख संघटकाने, बी. सी. दत्त यांनी, पुढे आठवणी लिहिल्या. नौदलाचे स्मारकही कुलाब्यात झाले. पण त्या २२८ जणांपैकी बहुतेकांचा चेहरा आज कोणाच्याही डोळ्यांसमोर येत नाही. चिलखती गाडीने शहर फटीतून पाहिले, आणि इतिहासालाही त्या दोन दिवसांकडे पाहायला एक फटच उरली.

१०/
६२ वर्षांनी त्याच मुंबईत पुन्हा युद्ध झाले. या वेळी कॅमेरे होते, चिलखत नव्हते.
२६ नोव्हेंबर २००८. रात्री दहाच्या सुमारास अजमल कसाब आणि अबू इस्माईल यांनी सीएसटीच्या मेल गाड्यांच्या प्रतीक्षालयात गोळीबार सुरू केला. पन्नासहून अधिक माणसे मेली. निवेदक विष्णू झेंडे आपल्या काचेच्या केबिनमधून हे पाहत होते. त्यांनी ध्वनिक्षेपकावरून लोकल फलाटांवरच्या प्रवाशांना बाहेर पडायला सांगितले. त्या सूचनेने अनेकांचे जीव वाचले. ज्याला दिसत होते, त्याच्यासमोर फक्त काच होती.

११/
स्थानकासमोरच टाइम्स ऑफ इंडियाची इमारत आहे. 'मुंबई मिरर'चे छायाचित्र संपादक सेबॅस्टियन डिसोझा आवाज ऐकून कॅमेरा आणि दोन लेन्स घेऊन स्थानकात धावले. फलाटावरच्या रिकाम्या रेल्वे डब्यांचा आडोसा घेत त्यांनी छायाचित्रे घेतली. त्यांतल्या एका चौकटीत पाठीवर पिशवी आणि हातात रायफल घेतलेला कसाब स्पष्ट दिसतो. टाइम्सचे छायाचित्रकार श्रीराम वेर्णेकर हेही त्या रात्री तसेच बाहेर पडले होते.
डिसोझा यांनी नंतर सांगितले, की त्या वेळी कॅमेऱ्याऐवजी बंदूक हातात असती तर बरे झाले असते. युद्धछायाचित्रकाराच्या व्यवसायातली सारी व्यथा या एका कबुलीत आहे. त्याला दिसते, पण थांबवता येत नाही.

१२/
त्याच रात्री रंगभवनाच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर एका टोयोटा क्वालिसमधून निघाले. शहरातल्या रस्त्यांवर चालणारी साधी गाडी. पत्र्यातून गोळी आरपार जाते. काही क्षणांत ते तिघे आणि सोबतचे शिपाई कोसळले. मागे पडलेले अरुण जाधव तेवढे जिवंत राहिले. थोड्या वेळापूर्वीच हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जाकीट चढवणारे करकरे दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिले होते.
हल्लेखोरांनी तीच क्वालिस पळवली आणि मेट्रो चित्रपटगृहापाशी जमलेल्या पोलिसांवर व पत्रकारांवर तिच्यातून गोळीबार केला. पुढे गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरून ठेवली. ओंबळे यांच्याजवळ लाठी होती.

१३/
दिल्लीहून आलेले एनएसजीचे कमांडो पहाटे विमानतळावर उतरले आणि बेस्टच्या बसमधून दक्षिण मुंबईत पोहोचले. दापोडीच्या कार्यशाळेत जशा एसटीच्या गाड्या बांधल्या जातात, तशीच ही नित्याची प्रवासी बस. युद्धभूमीवर जाणारे वाहन म्हणून तिची कल्पना कोणी केली नव्हती. त्या तीन दिवसांची ही खरी प्रतिमा आहे: जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या शहरांपैकी एक, तिथले युद्ध, आणि त्यासाठी लाल बस.
हल्ल्यानंतर मुंबई पोलिसांच्या ताफ्यात 'मार्क्समन' ही चिलखती गाडी आली, 'फोर्स वन' हे पथक उभे राहिले.

१४/
२९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली. न्या. आफताब आलम आणि न्या. चंद्रमौली कुमार प्रसाद यांच्या त्या निकालपत्रात कॅमेऱ्याविषयी दोन परस्परविरुद्ध गोष्टी आहेत. डिसोझा आणि वेर्णेकर यांनी जिवाची पर्वा न करता टिपलेल्या छायाचित्रांना न्यायालयाने भक्कम पुरावा मानले आणि दोघांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. आणि त्याच निकालात दूरचित्रवाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार पडद्यावर कारवाई पाहत होते आणि आतल्या हल्लेखोरांना दूरध्वनीवर सूचना देत होते. नरिमन हाउसच्या छतावर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो सारा देश पाहत होता. सूत्रधारांसाठी तो पडदा बंद नव्हता.

१५/
एकच शहर, एकच आठवडा, एकच यंत्र. आणि निवाडा दोन टोकांचा. फरक कॅमेऱ्यात नव्हता. एकाने पाहिलेले जपून ठेवले आणि वेळ आल्यावर न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून सांगितले. दुसऱ्याने पाहिलेले त्याच क्षणी सर्वांसमोर ओतले, आणि त्या सर्वांत शत्रूही होता. शहरी युद्धात दृष्टी हेच शस्त्र असते. ते कोणाच्या हाती पडते, यावर माणसांचे प्राण ठरतात.
कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. दापोडीवरून वाहणारी मुळा मुठेला मिळून त्याच येरवड्याजवळून पुढे जाते.

१६/
दृष्टी हे शस्त्र असल्यामुळेच पाहणाऱ्यावर गोळी झाडली जाते. ८ एप्रिल २००३, बगदाद. जुम्हूरिया पुलावरच्या एका अमेरिकन रणगाड्याने पॅलेस्टाइन हॉटेलवर तोफगोळा डागला. हॉटेलात जगभरचे पत्रकार उतरले होते. रॉयटर्सचे तारास प्रोत्स्युक आणि स्पेनच्या टेलेसिंको वाहिनीचे होसे कोउसो हे दोन कॅमेरामन मारले गेले. सज्जावर दुर्बीण घेऊन कोणी शत्रूचा टेहळ्या उभा आहे, असे वाटल्याचे सैन्याकडून सांगण्यात आले. हॉटेलात पत्रकार आहेत हे वरिष्ठांना ठाऊक होते. रणगाड्यातल्या माणसांपर्यंत ते पोहोचले नव्हते. फटीतून पाहणाऱ्याला लेन्स आणि दुर्बीण यांतला फरक कळला नाही. ५७ वर्षांपूर्वी परळच्या सज्जांवरही हेच झाले होते.

१७/
जुलै २०२१. दानिश सिद्दीकी हे रॉयटर्सचे छायाचित्रकार अफगाण विशेष दलांसोबत कंदाहारमध्ये होते. अनेक वर्षे मुंबईत काम केलेला, रोहिंग्यांच्या छायाचित्रांसाठी पुलित्झर मिळवलेल्या चमूतला हा माणूस. १३ जुलैला ते ज्या चिलखती हमवीत होते तिच्यावर रॉकेटे आदळली. चिलखताने त्यांना वाचवले, आणि वर आदळणाऱ्या रॉकेटचे दृश्य त्यांनी आतून टिपले. तीनच दिवसांनी, १६ जुलैला, स्पिन बोल्डाक इथे ते मारले गेले. गाडीच्या आत राहून सारे दिसत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पाहायचे तर बाहेर पडावे लागते.

१८/
आता पुन्हा आपल्या पट्ट्यात येऊ. पुण्याच्या भारत फोर्जची 'कल्याणी एम-४' आणि अहिल्यानगरच्या व्हीआरडीईने टाटांसोबत विकसित केलेले 'व्हॅप' ही आजची भारतीय चिलखती वाहने. दिघीच्या लष्करी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत त्यांच्या वाटेतले पूल घडतात आणि दापोडीत त्यांची वाट मोकळी करणारे अधिकारी. नव्या पिढीच्या चिलखती वाहनांना बाहेरून चहूबाजूंनी कॅमेरे बसवतात. जुनी फट आता पडदा झाली आहे. प्रेमिंद्रसिंह भगत जे काम कानाचा पडदा गमावून करत, त्यातले काही आता यंत्र करते, आणि ते चांगलेच आहे. त्यामुळे आतल्या सैनिकाचा जीव वाचेल. सज्जातली व्यक्ती कोण आहे, हे त्याला अधिक स्पष्ट दिसेल, अशीही आशा धरता येते.

१९/
पण गाडीवरचा कॅमेरा गाडीसाठी पाहतो. त्याने टिपलेले दृश्य सैन्याच्या संग्रहात जाते. ते कधी बाहेर येईल, हे सैन्य ठरवते. १९४६ च्या चिलखती गाड्यांना असे कॅमेरे असते, तरी कमल दोंदे यांच्या शेवटच्या क्षणाचे चित्र परळला मिळाले असते का? सीएसटीच्या फलाटावर धावलेला छायाचित्रकार कोणाच्या आज्ञेने गेला नव्हता. म्हणूनच त्याची साक्ष न्यायालयाला निर्विवाद वाटली.
आणि त्या साक्षीचीही एक मर्यादा आहे. २६/११ म्हटले की सर्वांना मारेकऱ्याचा चेहरा आठवतो. प्रतीक्षालयात गाडीची वाट पाहत बसलेल्या त्या पन्नासहून अधिक माणसांचे चेहरे, १९४६ च्या २२८ जणांसारखेच, आपल्याला ठाऊक नाहीत. कॅमेऱ्याने न्याय मिळवून दिला. स्मरणाचे काम त्याने पूर्ण केलेले नाही.

२०/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने युद्धाचे छायाचित्र समोर आले की तीन प्रश्न विचारावेत. ते घेणारा कुठे उभा होता? त्याच्यासमोर चिलखत होते की काच? आणि त्याच्या पाठीमागे, चौकटीच्या बाहेर, कोण होते?
तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा अभिलेखागारात, इस्पितळाच्या नोंदवहीत किंवा एखाद्या चाळीतल्या वृद्धाच्या आठवणीत असते. १९४६ ची मुंबई पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. गिरणगावात ज्यांचे आजी-आजोबा होते, त्यांनी घरी एकदा विचारून पाहावे आणि ऐकलेले तारखेसकट लिहून ठेवावे.